वकीलसाहेबांचं सूत

आमच्या वकीलसाहेबांएवढा तिखट कानाचा माणूस साऱ्या उस्मानाबादेत नव्हता. निजामाच्या कचेरीत उर्दूत असे कडाडायचे की मुन्सफ दचकायचा, आणि दिवस कलला की पांढरी विजार चढवून क्लबात टेनिस. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायच्या धनुकलीला बकऱ्याच्या आतड्याची तात लागते, रॅकेटीलाही तीच, म्हणून त्यांची रॅकेट मीच विणायचो. पण साहेब पक्के लिंगायत, घरात अंडंसुद्धा न्हाय. म्हणून तातीला ते ‘सूत’ म्हणायचे. माझ्या तोंडून ‘तात’ निघाली की मोठ्यानं खोकायचे.

उतारवयात साहेबांचं कोपर दुखायला लागलं. सुताराकडून रॅकेट तासून हलकी केली आणि तिच्याजोगं सूत निवडायला आठ दिवस माझ्या उंबऱ्यात बसले. एकेक तात ताणायची, कानाशी धरून टिचकी मारायची. “ही जाड, भांडखोर. कोपराला चावेल. ही बारीक, पण रडकी.” लोकांना वाटलं, साहेब तंबोरा शिकतायत. खेळाची वेळ झाली की मात्र बिनसुताची रॅकेट बघून त्यांचा चेहरा उतरायचा.

शेवटी माझी बायको चुलीपासून ओरडली, “वकीलसाब, लई झालं! बकऱ्याचं आतडं ते, गाणं थोडंच म्हणणार? घ्या कोनचं बी!”

साहेबांनी तात खाली ठेवली. “भाभी, मला माहीत होतं. पण आजवर कुणी तोंडानं म्हणलं नव्हतं. आता हातात धरता यायचं न्हाय.”

गेले. महिनाभर क्लबाकडं फिरकले न्हाईत.

“जीभ आवरायची हुती,” मी म्हणलं.

“खरं तेच बोलले,” ती म्हणली, पण ताट बाजूला सारलं तिनं. मग निकाहाची ओढणी काढली, रेशीम उसवलं, पीळ दिला, डिंकात भिजवून दोरा वळला. मी हसलो. तो दोरा मात्र त्या हलक्या रॅकेटीला असा बसला!

रॅकेट घेऊन आम्ही दोघं त्यांच्या दारी गेलो. साहेबांनी ती कानाशी धरून दोऱ्याला टिचकी मारली. पुन्हा एकदा मारली. “ही बोलत न्हाय, भाभी. ऐकते.”

त्या दिवशी ते खेळले. बायको कुंपणाबाहेर बुरख्यात उभी. पहिला चेंडू पलीकडं गेला तसं साहेबांनी रॅकेट कपाळाला लावून तिला सलाम केला. घरी येऊन ती भाकरी थापत एकटीच हसत राहिली. मला रागच आला.

साहेब कधीच गेले. तिला जाऊन औंदा वर्ष झालं. पन्नास वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी. सलाम एकदाबी केला न्हाय.