ओरखडा नसलेली प्लेट

मला काम शिकवणारे रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी निगडीच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. तसाच रिक्षा करून निघालो. दफनानंतर आमच्या महाळुंग्याच्या कारखान्यातला जुना क्रेनवाला शिंदे भेटला. म्हणाला, “आता बोलायला हरकत न्हाई, भाऊ. तुमची नोकरी गेली ती प्लेट क्रेनवरनं पडली व्हती. साखळी रफिकभाईंनीच अडकवली व्हती. मला म्हणले, तोंड उघडू नको.”

सात वर्षं, राव! सात वर्षं मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

पोलादावर तांबं बसवलेल्या जाड प्लेटा असायच्या. दोन्ही धातू आतून नीट चिकटलेत का, ते आम्ही हातोडीनं वाजवून ओळखायचो. ते ऐकायला मला रफिकभाईंनीच शिकवलं. “प्लेट आपटली की दणका वरून दाबत आत जातो. मागच्या तोंडाला पोचला की उलटा फिरतो, अन् येताना ओढतो. सांधा तिथंच सुटतो. वरून बघशील तर ओरखडा नाही.” किती जीव लावून सांगायचे... माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा डबा रोज त्यांच्याच घरून यायचा. म्हणून तर जास्त लागलं.

दोघांनी वेगवेगळं वाजवायचं, मगच मी सही करायची, अशी आमची रीत. त्या दिवशी भाई म्हणाले, “मी वाजवलीय, खणखणीत आहे. कर सही.” केली. त्यांनी वाजवल्यावर पुन्हा हातोडी उचलणं मला उद्धटपणाचं वाटायचं. पुढं गिऱ्हाइकाकडं प्लेट उकलली. चौकशीत भाई खाली बघत एवढंच म्हणाले, “सही त्याची आहे.” माझी नोकरी गेली. त्यांचाही कान चुकला असेल, घाबरले असतील बिचारे, अशी मीच समजूत घातली आणि दर ईदला शिरखुर्मा खायला जात राहिलो. असला मी येडा!

चाळिसावा झाल्यावर पिंपळे गुरवला त्यांच्या घरी गेलो. आता सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवूनच. त्यांच्या लेकीनं, नसरीननं, पाणी आणून दिलं. मी सुरुवात करणार, तोच ती म्हणाली, “काका, अब्बा शेवटी तुमच्याबद्दलच बोलत होते. प्लेट तुमच्या हातून पडली, पण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. आम्हीही कधी बोललो नाही. मनाला लावून घेऊ नका.”

रागानं माझी कानशिलं तापली. मरतानासुद्धा खोटं, भाई? लेकीजवळ? ती मात्र बापाच्या अभिमानानं डोळे पुसत होती.

“मोठ्या मनाचे होते तुझे अब्बा,” मी म्हणालो. आणि चपला न घालताच जिना उतरलो.