मावसाजींची बत्ती

वारासिवनीत ज्याच्या कानाला आमच्या मावसाजींनी आग लावली नाही, असा माणूस एकतर परगावचा असणार, नाहीतर अजून जन्माला यायचा असणार. मी वाढवून सांगत नाही. पोस्टमन, किराणावाला, कटंगीच्या बसचा कंडक्टर, राइस मिलचे हमाल, त्या हमालांच्या सासवा, हे सगळे कधी ना कधी मावसाजींच्या अंगणात चटईवर कुशीला पडलेले आहेत आणि त्यांच्या वरच्या कानात वीतभर उंचीची बत्ती जळालेली आहे. बत्ती म्हणजे जुन्या धोतराची पट्टी वितळलेल्या मेणात भिजवायची, लाकडाच्या बारीक काडीभोवती तिरपी गुंडाळायची, सुकली की काडी ओढून घ्यायची. उरते ती पोकळ नळी. तिचं निमुळतं टोक कानात, रुंद टोक वर. कानाभोवती भोक पाडलेलं पळसाचं पान, म्हणजे गाल भाजू नये. मग काडेपेटी. मावसाजींचं म्हणणं असं, की जाळ वर ओढतो, त्या ओढीनं कानातला मळ आणि डोक्यातला वात धुरासोबत निघून जातो. हे खोटं आहे. सरळ खोटं आहे. पुढं काहीही वाचलं तरी हे वाक्य वाचकांनी विसरू नये.

मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. राइस मिलमध्ये इंजनावर मिस्त्री. त्या मिलमध्ये दिवसभर असा खडखडाट चाले, की तिथली माणसं घरी येऊनही ओरडूनच बोलत. दोन हमाल एकमेकांची खुशाली विचारत असले तरी रस्त्यावरच्या माणसाला वाटे, आता मारामारी होते. पाच-दहा वर्षांत प्रत्येकाचा कान जाई. म्हणून रविवारी मिल बंद असली की मावसाजींचं अंगण भरे. पैसे काही घ्यायचे नाहीत, चहा मात्र पाजायचे. बाजारात जंगलाकडची माणसं मध आणि मेण घेऊन येत. मावसाजी मधाकडं बघतसुद्धा नसत, मेण मात्र नाकाला लावून, दातानं चावून, उन्हात धरून असं निवडत, जसं काही मुलीसाठी स्थळ बघताहेत.

स्थळांचंही तेच. मावसाजी माणसाचा चेहरा बघतच नसत, कान बघत. रस्त्यात कुणी भेटला की म्हणत, "तू त्या लांब पाळीवाल्याचा पोरगा न बे?" आणि तो असायचाच. माझ्या ताईला बघायला हट्टा गावचा एक मुलगा आला होता. नोकरी चांगली, शेती चांगली, घरचे सगळे खूश. मावसाजी उठले, मुलाच्या मागं जाऊन उभे राहिले आणि परत येऊन आईला म्हणाले, "कानात केसं हायेत. हा बायकोचं आयकन नाई." स्थळ गेलं. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मॅट्रिकला गणितात नापास झालो तेव्हाही निदान हेच. "मास्तर सांगते, पण याच्या कानातच अटकून राह्यते," म्हणाले, आणि मला चटईवर पाडलं. मी तेव्हा पडलो. बत्ती तडतडत होती, कानात ऊब उतरत होती, कुठंतरी दूर पाणी वाहतंय असं वाटत होतं आणि मावसाजींचा हात डोक्यावर होता. मला फार बरं वाटलं. गणितात मी पुन्हा नापास झालो. यातली दुसरी गोष्ट मी पुढं एका पत्रकात छापली, पहिली छापली नाही.

एकदा त्यांनी मिलच्या सेठच्या बैलालाही सोडलं नाही. बैल हाकेला उभा राहत नाही, म्हणजे त्याला ऐकू येत नाही, असा त्यांचा हिशेब. बैलाच्या मापाची हातभर बत्ती केली. पेटवली. बैल क्षणभर उभा राहिला, आणि मग कानात मशाल घेऊन बाजारातून जो सुटला तो रेल्वे फाटकापर्यंत, जिथं तनसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग रचलेले असत. सेठ मागं धोतर सावरत ओरडत होता, "अरे मिस्त्री, ये क्या किया! तनस में घुस गया तो पूरी मिल जायेगी!" मावसाजी शांत. म्हणाले, "पाहा साहब, आता कसा आयकून पळून राह्यला."

बत्ती जळून बोटभर उरली की मावसाजी ती कानातून काढत आणि अडकित्त्यानं उभी चिरत. आत पिवळी भुकटी आणि तपकिरी चिकटा निघे. तो सगळ्यांना दाखवत. "हे पिवळं मिलच्या कोंड्याचं. हे काळं पाह्य, हे सासूच्या शिव्यांचं. अन् हे आतलं? हे तुह्या लग्नातल्या बँडचं, तेव्हापासून बसलं हाये." लोक हसत आणि खात्रीनं मान हलवत. मग शेवटी परीक्षा. मावसाजी मागून वाकत, त्या कानाशी तोंड नेऊन हळूच एक शब्द म्हणत आणि विचारत, "काय म्हणलं म्या?" आणि माणूस ओरडे, "रामपायली!" अंगणात आनंदीआनंद.

बरोबरच ओरडे. कारण मावसाजी दर वेळी रामपायलीच म्हणत. वीस वर्षं, प्रत्येक कानात, एकच शब्द. रामपायली हे मावशीच्या माहेरचं गाव, वर त्यात रामाचं नाव. त्याहून चांगला शब्द कुठला, असं त्यांना वाटे. सगळ्या वारासिवनीला हे उत्तर पाठ होतं. ज्याला तोफ ऐकू आली नसती तोही मानेवर श्वास लागला की ओरडे, "रामपायली!" त्यात कुणाची लबाडी नव्हती. एवढ्या मायेनं कुणी कानाशी वाकल्यावर त्याला नापास करणं लोकांना जमत नसे, एवढंच. आणि मावसाजींना ते कधी कळलं नाही. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही ती परीक्षाच नव्हे, हे मी इंटरला असताना पहिल्यांदा म्हणालो. आई म्हणाली, "गप बस."

गप बसण्याचं कारण मावशी होती. पहिला कान तिचाच. लग्नानंतर चार-पाच वर्षांत तिला विषमज्वर झाला. ती वाचली, दोन्ही कान गेले. त्या वर्षी मिलच्या मागं पाल ठोकून राहिलेल्या एका वैदूकडून मावसाजींनी बत्ती शिकून घेतली, आणि तेव्हापासून एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. आधी मावशी, मग गाव. मावशी सकाळी न्हाऊन, केस एका बाजूला घेऊन चटईवर पडे, डोळे मिटे. शेवटी मावसाजी वाकत आणि ती लहान मुलीसारखी म्हणे, "रामपायली." आम्हा सगळ्यांना माहीत होतं, की मावशीला ढिम्म ऐकू येत नाही. आम्ही तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचो. फक्त मावसाजी सांगत फिरायचे, "पयलेपेक्षा लै फरक हाये. थोडं थोडं येते तिले." आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिच्या पाठीला विचारायचे, "आयकलं काय वो?"

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा मिलमधला एक तरुण हमाल मावसाजींच्या चटईवरून किंचाळत उठला. मेणाचा कढत थेंब नळीतून आत पडला होता. मीच त्याला सायकलवर बसवून बस स्टँडवर नेलं आणि बालाघाटला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "पर्दा जल गया है. अब ये कान गया." ज्याचा कान अर्धा गेला होता, त्याचा पुरा गेला. मावसाजी त्याच्या घरी रोज भाजी पोचवू लागले. पण पुढच्या रविवारी चटई पुन्हा अंथरली. "त्याले हालू नोको म्हणलं होतं, तो हालला," असं म्हणाले. माझं डोकं फिरलं. तेव्हा आम्ही चार मुलांनी बालाघाटला एक मंडळ काढलं होतं. मांत्रिक, गंडेदोरे, अंगात येणं यांच्याविरुद्ध पत्रकं वाटायचो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण आमच्याकडं निम्म्या लोकांना एक कळतं, निम्म्यांना दुसरं. मी नवं पत्रक लिहिलं: 'कानात जाळ, डोक्यात धूर'. मावसाजींचं नाव घातलं नाही. गरजही नव्हती.

पत्रकांचा गठ्ठा आणि एक रिकामी बाटली घेऊन मी रविवारी त्यांच्या अंगणात गेलो. दहा-बारा माणसं होती. मी म्हणालो, "मावसाजी, एक बत्ती द्या." त्यांना वाटलं, मला लावून घ्यायची आहे, किती खूश झाले! चांगली निवडून दिली. मी ती बाटलीच्या तोंडात उभी केली आणि पेटवली. जळून बोटभर राहिली तेव्हा त्यांच्याच अडकित्त्यानं चिरली. आत पिवळी भुकटी, तपकिरी चिकटा. तोच.

"सांगा," मी म्हणालो, "हा कुणाच्या लग्नातला बँड? बाटलीचं लग्न कधी झालं?"

कुणी हसलं नाही. मावसाजींनी ती भुकटी बोटावर घेतली, वास घेतला. मेणाचा वास त्यांच्याइतका गावात कुणाला कळत नव्हता. बोट धोतराला पुसलं. मग म्हणाले, "मळ बत्तीचाच असन, बाबू. तू शिकेल माणूस. पण आयकू येते त्याचं काय? तुह्या मावशीले इचार न."

आणि हात धरून मावशीला बाहेर घेऊन आले.

इथं मी थांबायला हवं होतं. मळाचं सिद्ध झालं होतं, लोकांना पटलं होतं. पण आम्हाला शिकवलं होतं, की अर्धा भ्रम ठेवला तर तो पुन्हा उगवतो. मी म्हणालो, "विचारा. पण रामपायली नाही. दुसरं काहीही विचारा."

मावसाजींनी माझ्याकडं बघितलं. 'दुसरं' हा विचारच त्यांच्या मनात वीस वर्षांत आला नसावा. ते मावशीच्या मागं गेले, कानाला हाताचा आडोसा केला, वाकले आणि काहीतरी म्हणाले. आम्हाला ऐकू आलं नाही. मावशीनं नेहमीसारखे डोळे मिटले. मग उघडले आणि सगळ्यांकडं बघून, पाठ केलेला धडा बरोबर म्हणणाऱ्या मुलीच्या आनंदानं म्हणाली, "रामपायली!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय म्हणाला होतात, मावसाजी?" मी विचारलं.

"रामपायली," ते म्हणाले. "तेच म्हणलं म्या. बरोबर सांगतलं तिनं." आणि त्यांनी मावशीच्या पाठीवर थोपटलं.

ते खोटं बोलत होते, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. मावसाजींना खोटं बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळं त्यांना ते नीट जमलं नाही. माणसं एकेक करून चपला घालून निघाली. जाताना माझी पत्रकं घेऊन गेली.

त्या दिवसापासून मावसाजींनी बत्ती वळली नाही. आमच्या मंडळाच्या वहीत मी लिहिलं: 'वारासिवनी येथील प्रकार बंद पडला.' खरं आहे. नंतर त्या गावात कुणाचा कान जळला नाही, आणि हे चांगलं झालं, असं मी आजही म्हणतो.

पण मावशीला हे कुणी सांगायचं? तिला ऐकू येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. मळ, मेण, बाटली हे हातवाऱ्यांत कसं बसवायचं? पुढच्या रविवारी ती न्हाली, केस एका बाजूला घेतले आणि चटईवर पडून राहिली. मावसाजी मागच्या दारानं निघून गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. महिन्याभरानं मी गेलो तेव्हा तिनं मला कोपऱ्यात ओढलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही. तिला वाटलं, ती कुजबुजतेय, आणि ओसरीवर बसलेल्या मावसाजींना सगळं ऐकू गेलं. "बाबू, त्या दिवशी म्या चुकीचं सांगतलं काय रे? तवापासून हे मले बत्ती लावत नाई."

मी मान हलवली. नाही म्हणून. ती किती जोरात हलवायची म्हणजे पुरेल, मला कळेना.

मावसाजी दोन वर्षांनी गेले. त्याआधी एकदा रेल्वे फाटकाशी आम्ही दोघंच बसलो होतो. मी विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी काय म्हणालात?" वाटलं, रागावतील. रागावले नाहीत. रुळांकडं बघत म्हणाले, "काही नाई रे. म्हणलं, थकली काय? वीस वर्सात कधी इचारलंच नोतं. रामपायली, रामपायलीच करून राह्यलो. तू म्हणला, दुसरं इचारा, तर तेच आलं तोंडात." मग म्हणाले, "तिले आयकूच नाई आलं न. मंग बत्ती कोन्या तोंडानं लावू?"

गेल्या महिन्यात मी वारासिवनीला गेलो होतो. रविवार होता. मावशी आता फार वाळली आहे. मला चहा दिला, बशा धुतल्या, मग सहज चटई टाकून कुशीला पडली, केस एका बाजूला. सवयच ती. मी तिच्या मागं बसलो. बत्ती नव्हती, असती तरी मी लावली नसती, ते खोटं आहे. फक्त डोक्यावर हात ठेवला, वाकलो आणि कानाशी विचारलं, "थकली काय, मावशी?"

तिनं डोळे मिटले. "रामपायली," म्हणाली.

मी उठून तिच्या पुढं आलो, तिला नीट दिसेल असा बसलो, आणि मान हलवली. हौ. बरोबर.