एक लांब शिट्टी

शुक्रवारी संध्याकाळी हुकूम आला. शनवार-इतवार दोन दिवसाची ड्युटी, हदगावच्या वरल्या अंगाचं जंगल. एका कॉलेजच्या पोरी पाखरं बघायला निघाल्या व्हत्या. रातचा मुक्काम हाय म्हनून दोन बाया बंदोबस्ताला मागितल्या. सायबानं आमचे नंबर घेतले. सहा आन् सात.

मी नांदेडला होमगार्डात व्हते. चौथी शिकलेली, पन परेडला कवा मागं पडले न्हाई. लायनीत उभं राह्यलं की नंबर बोलावा लागतो. सहा माहा. सात पंचशीलाचा, आमच्या पंचीचा. ती जळकोटची. नवरा वारल्यावर भावाकडं नांदेडला आलेली, बांधकामावर जायाची आन् ड्युटी लागली की खाकी घालायची. माह्यापरीस दहा-बारा वर्सानं लहान, मला आक्का म्हनायची. ती 'सात' बोलली की ग्राउंडवरचे कावळे उठायचे. सायब म्हनायचे, "बाई, नंबर बोल, हाळी देऊ नको."

ट्रेनिंगमधी शिट्टी शिकवतात. तीन बारीक म्हंजे पळत या. एक लांब म्हंजे हाय तिथंच थांबा. काहून, कशाला, इचारायचं न्हाई. थांबायचं.

शनवारी पहाटं मिनीबस निघाली. पोरी, त्यांचे सर, डायवर, आमी दोघी. सरनं बसमधीच सांगितलं, भडक कपडे नको, मोठ्यानं बोलनं नको. आमच्याकडं बघून म्हनले, "मावशी, तुमची खाकी एकदम बेस्ट. पन शिट्ट्या खिशात ठेवा."

पंचीनं शिट्टी खिशात घातली. माह्या कानात म्हनली, "आक्का, एवढ्या वर्सात खाकीला पयल्यांदा कुनी चांगलं म्हनलं. ते बी पाखरांपायी."

दिवसभर सागाच्या जंगलात फिरलो. पोरी दुर्बिनीतून बघायच्या, नाव बोलायच्या. आमी चालायचो. सर पुढं, मी मधात, पंची शेवटाला. शेवटाला चालनाऱ्याचं काम येवढंच, मागं कुनी राहू द्यायचं न्हाई. ती जागा तिनं सोताहून घेतली.

संध्याकाळी माळावर नेलं. कमरेइतकं वाळलेलं गवत. दिवस बुडायच्या येळला मोठी पाखरं आली. गवताच्या जरासं वरून तरंगत आली आन् एक-एक करून गवतात उतरली. भोवत्या म्हनतात त्येला. अश्विनी नावाची एक पोरगी व्हती, चष्म्याची, गळ्यात मोठा कॅमेरा. बाकीच्या सोताचे फोटो काढायच्या, ही निस्ती पाखराकडं. तिनं पंचीला दुर्बीन दिली. पंची लई वेळ बघत राह्यली.

अश्विनी हळूच म्हनली, "मावशी, हे लई दूर, बरफाच्या मुलखातून येतात. दर हिवाळ्यात, याच माळावर मुक्काम."

"मंग ड्युटीवर आलेत म्हन की," पंची म्हनली. "भत्ता भेटतो का न्हाई त्यांना?"

पोरगी फिसकन हसली. सरनं डोळे वटारले. पंचीनं तोंडावर हात धरला. दोन दिवसात तिचा मोठा आवाज निघाला तो तेवढाच.

रातचा मुक्काम गावच्या शाळेत. थंडी लई. आदी मी जागले, मंग ती. काही झालं न्हाई.

इतवारी सकाळी उन्हं वर आल्यावर नाल्याकाठानं निघालो. बस सडकंवर उभी. नाल्यावर अर्जुनाचं जुनं झाड, वरल्या फांदीला आग्या माश्यांचं मोहोळ, सुपायेवढं. सरनं ते बघितलं व्हतं. पोरींना लांब बसवलं, गप राह्यला सांगितलं, जवळ कुनाला जाऊ दिलं न्हाई. सगळं बराबर केलं. लोक सरला बोल लावतात. मी लावत न्हाई.

तवा ते पाखरू आलं. घारीयेवढं. सर पुटपुटले, "मधुबाज." मोहोळ खानारं पाखरू. त्येच्यासाठीच सर दर हिवाळ्याला हिकडं येत व्हते म्हने, अजून दिसलं नव्हतं. पोरी श्वास धरून बसल्या. पाखरानं सरळ मोहळावर झेप घातली, पायानं पोळ्याचा लचका तोडला आन् निघून गेलं. त्येला माश्या काही करू शकत न्हाईत, पिसं दाट असतात. माश्या उठल्या. पाखरू गेलं व्हतं. खाली आमी व्हतो.

ट्रक चढावर लागल्यासारखा आवाज आला.

मी वरडले, "तोंड झाका! बसकडं पळा!"

पोरी पळाल्या. दोघींना मी हाताला धरून वढलं. काटे, दगड, काही बघितलं न्हाई. डायवरनं दार उघडं धरलं व्हतं. सगळ्या आत घातल्या, काचा लावल्या, आत आलेल्या माश्या चपलांनी मारल्या. सरचे दोनी डोळे सुजून मिटले व्हते. सर सारखे इचारत व्हते, "सगळ्या आल्या का? मावशी, सगळ्या आल्या का?"

मी मोजल्या. एक कमी. अश्विनी. तिचा कॅमेरा स्टँडवर लावलेला व्हता, ती बाकीच्यांपरीस जरा झाडाच्या अंगाला, खडकावर बसली व्हती.

आन् पंची बी आली नव्हती.

मी ब्लँकेट डोक्यावर घेतलं आन् उतरले. डायवर म्हनला, "बाई, मराल."

"दार लाव," म्हनलं.

नाल्याच्या वळनापोत्तर गेले. फुडं घानेरीची झुडपं, पलीकडलं काही दिसत नव्हतं. हातावर, मानंवर माश्या बसून राहिल्या व्हत्या. तवा शिट्टी आली.

एक लांब.

मी थांबले. बसमधी पोरी हायत, सरला दिसत न्हाई, मी पडले तर त्यांना कोन बघनार, हे सगळं मागून सुचलं. तवा निस्ती शिट्टी ऐकली आन् पाय थांबले.

परत वाजली. एक लांब. मंग एक वाजली ती मधीच तुटली. मंग न्हाई.

तिथं किती वेळ उभी व्हते सांगता येत न्हाई. लोक इचारतात.

डायवर मागून आला. त्यानं पोतं डिझेलात भिजवून काठीला बांधलं व्हतं. पेटवलं, वर वला पाला टाकला. धुराच्या आडोशानं दोघं आत गेलो.

पंची खडकाच्या खाली पालथी व्हती. अंगात जर्सी नव्हती. जर्सी पोरीच्या डोक्याला गुंडाळलेली, आन् पोरगी तिच्या अंगाखाली. शिट्टी दातात. पोरीला वढून काढली तर ती बोलली, "मावशी म्हनल्या, हालू नको, मी हाय वर."

दोघींना बसमधी घातलं. हदगावपोत्तर पंचीचं डोकं माह्या मांडीवर व्हतं. दवाखान्यात डॉक्टरनं तिचा हात धरून बघितला आन् खाली ठेवला. मंग पोरीकडं वळला. पोरगी वाचली.

जळकोटला नेलं. बुद्धवंदना झाली. धवळं पातळ नेसलेली तिची माय भितीला टेकून बसली व्हती. मला जवळ बसवलं.

"वरडली का?"

"न्हाई. शिट्टी वाजवली."

"कशापायी?"

"आमी येऊ नये म्हनून."

म्हातारी म्हनली, "मंग बराबर." आन् मला पानी द्या म्हनून घरच्यांना सांगितलं.

अश्विनी आता शाळंवर मास्तरीन हाय. हिवाळ्यात एक दिवस येती, मला माळावर नेती. भोवत्या उतरल्या की आमी उठतो.

पंची गेल्यावर पुढच्या परेडला आमी लायनीत उभ्या राह्यलो. सुजलेली बोटं माही अजून मुठीत येत नव्हती. सायबानं नंबर बोलायला सांगितलं. एक, दोन, तीन, असं येत येत माह्यापोत्तर आलं. मी 'सहा' बोलले.

पलीकडं देगलूरची एक पोरगी उभी केली व्हती, नवीनच. पंचीचं तिनं ऐकलं व्हतं, पन काय बोलायचं ते कुनी शिकवलं नव्हतं. ती थांबली. मंग ती बोलली, "आठ."

सायब तिच्याकडं बघत राह्यले. दुरुस्त केलं न्हाई. तिच्या पलीकडची बोलली, "नऊ."

मी वर्दी जमा करून लई वर्सं झाली. पल्टनीतल्या बाया बाजारात भेटल्या की सांगतात, अजून तसंच हाय. नवी कुनी आली की इचारती, सात नंबर काहून न्हाई.

तिला सांगतात, हाय की. ड्युटीवर हाय.