मामींचा झोपाळा आणि इटलीचे अण्णा

थांबा, हातातलं सोडा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! माझ्या मामांइतका युरोपवर जीव असलेला माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडणार नाही, आणि मामा आजवर विजयवाड्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. तारनाक्याला राहून जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, बस. पण तिकडच्या जुन्या गणितज्ञांबद्दल असे बोलतात, जसे काही ते आपले व्याहीच. दुर्बीणवाले इटलीचे अण्णा, जर्मनीचे दादा, आणि सफरचंदवाले लंडनचे तात्या, "जरा तिरसट गं, पण डोकं काय!" मामा म्हणतात, "वस्तू पडते हे सगळ्यांनाच दिसत होतं. या लोकांनी समीकरण मांडलं, म्हणून कुठे पडणार ते आधी कळायला लागलं!" ताईच्या लग्नात मंगलाष्टकं चालू, सगळे नवरानवरीकडे बघतायत आणि मामा वर हवेत. "बघ बघ, प्रत्येक अक्षता पॅराबोलात येतेय!" तेवढ्यात एक दाणा नवरदेवाच्या डोळ्यात. मामा शांतपणे, "समीकरण बरोबर आहे, फेकणाऱ्याचा वेग चुकला." मामी शेजारून, "अहो, तुमच्या अण्णांना म्हणावं जेवून जा, आता गप्प बसा."

मामी चांगल्या गुबगुबीत होत्या. तारनाक्याच्या हॉलमध्ये उंच छताला लांब साखळ्यांचा झोपाळा होता, त्यावर बसून त्या गुणगुणायच्या, एका झोक्याला गाण्याची एक ओळ. मामा चिडवायचे, "तू बस नाहीतर आपली बारकी भाची बसू दे, झोका वेळ तेवढाच घेणार. अण्णांनी शोधलंय. तो फक्त साखळीची लांबी बघतो, वजन विचारतच नाही!" यावर मामी, "मग तुमच्यापेक्षा झोपाळा बरा."

मागच्या वर्षी मामी गेल्या. मामांनी ते घर सोडलं, हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये आले आणि बाकी सामान राहिलं तरी चालेल म्हणत झोपाळा तेवढा आणला. इथलं छत खाली, म्हणून फिटरने साखळीच्या कड्या काढून झोपाळा टांगला. मामा बसले, मामींची ओळ गुणगुणायला लागले आणि ओळ संपायच्या आधीच झोका परत आला! मामा तसेच उतरले. चेहरा एवढासा. "ही तिची लय नाही. कड्या परत लावा."

फिटर वैतागला. "अंकल, चेन पूरी डाले तो झूला जमीन पे बैठ जाता! क्या बाताँ करते!"

"बैठने दो मियाँ. टाइम बराबर होना."

आता तो झोपाळा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आहे. पाय सोडायची सोयच नाही, मामा मांडी घालून बसतात, एखाद्या महाराजांसारखे. काल मी गेले तेव्हा डोळे मिटून गुणगुणत होते. ओळ संपली आणि झोका बरोब्बर तिथेच परत आला. मला म्हणाले, "बघ, अण्णा खोटं बोलत नाहीत. ती बसलेली असो, नसो, वेळ तेवढाच लागतो." आणि थोडं सरकून, शेजारी जागा ठेवून बसले.

मला त्या जागेवर बसवेना. तुमचं झालंय का कधी असं, वर्षानुवर्षं हसत ऐकलेलं एखादं वाक्य एकदम वेगळंच ऐकू आलं?