सात साते सत्तेचाळीस

तात्याबाला मोजता येत नव्हतं असं नाही, पण त्याला ते कधी लागलंच नाही. जतकडच्या माळावर सारी हयात मेंढरांमागं गेली. सांजेला परतणाऱ्या कळपावर नजर टाकली की 'कानतुटी आली न्हाई' एवढं त्याला कळायचं. एकंदर किती, असं कुणी विचारलं की तो गडबडायचा.

गुडघे गेले तशी मेंढरं विकली आणि तो कुपवाडला मुलाकडे, सूरजकडे आला. सूरज आणि सून दोघंही कारखान्यात. तिसरीतली नात सोनम शाळेतून आली की घरात ती आणि आजोबा.

"आबा, तिचे पाढे तेवढे ऐकत जावा," सूरज म्हणाला. "चुकली तर थांबवा."

चूक कशी ओळखायची, हे विचारणं तात्याबाच्या जिवावर आलं. सोनम सुरात म्हणायची आणि तो मान डोलवायचा. अडखळली की थांबवायचा; न अडखळता म्हटलं म्हणजे बरोबर. ऐकून ऐकून साताचा पाढा त्यालाही यायला लागला. चूळ भरताना तो पुटपुटायचा, "सात सक बेचाळीस, सात साते सत्तेचाळीस."

एके दिवशी सोनम रडवेली होऊन घरी आली.

"बाई म्हणल्या, सात साते एकोणपन्नास. मी सांगितलं, आमच्या आबांनी ऐकलाय पाढा. सगळी हसली."

तात्याबा चक्रावला. "आन् आपलं सत्तेचाळीस कुठनं आलं गं?"

"मला काय ठाऊक? तुमी कधी चूक म्हणलाच न्हाई."

तात्याबा उठला. त्यानं चिंचोक्यांची पिशवी काढली. दोघांनी फरशीवर साता-साताचे सात ढीग मांडले. सोनमचे भरले एकोणपन्नास. तात्याबा मोजायला बसला, तर मध्येच एक अर्धवट सोललेला चिंचोका दिसला. त्याच्याकडे बघता बघता आकडा निसटला.

"समदे सारखेच धरायचे व्हय?"

"व्हय. पाढ्यात सारखेच असत्यात."

"मग त्यातला कोण हरवला, ते कसं कळायचं?"



रात्री जेवताना तात्याबानं मुलाला सगळं सांगून टाकलं. शिकवणी लावू, असं सूरज म्हणाला. सोनम ऐकेना. "आबाच पायजेत. आमी चिंचोके मांडून बघतो."

तसं साताचं गाडं रुळावर आलं. पुढं शाळेत भागाकार सुरू झाला आणि तात्याबाचा गोंधळ आणखी वाढला. पन्नास चिंचोके सात जणांत वाटले की एक उरायचा.

"ह्यो कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई आबा. त्याला बाकी म्हणायचं. बाजूला ठेवायचा."

एकट्याला असं कळपाबाहेर ठेवणं तात्याबाला काही केल्या पटेना. सोनमची पाठ वळली की तो चिंचोका तो हळूच एखाद्या ढिगात सरकवायचा. आणि सोनम पुन्हा मोजायला बसली की एका ढिगात आठ कसे, हे तिला उमगायचं नाही.