काकडं न घातलेली शेवळं

सोसायटीत मला ‘आरोग्यवाल्या काकू’ म्हणतात. कौतुकानं की टोमणा म्हणून, ते विचारायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. नवऱ्याला शुगर निघाली तेव्हापासून घरातला मैदा आणि साखर बाहेर काढली आणि ज्या दिवसांत जे उगवतं तेच खायचं असं ठरवलं. इथवर ठीक होतं. पण मला गप्प कुठे बसवतंय? रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक भाजी, तिचे गुण आणि माझ्या कढईचा फोटो. मी मूळची साताऱ्याकडची, बदलापुरात शिरगावला राहायला येऊन बारा वर्षं झाली. इथल्या रानभाज्यांवर मी अशी बोलायचे की जणू जंगलातच वाढले. बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे बाहेरून आलेले, त्यामुळे खपून जायचं.

भाज्या आणायची ती बारवीकडच्या ठाकरवाडीतली एक बाई. गेटच्या डाव्या बाजूला, भिंतीच्या सावलीत टोपली मांडून बसायची. स्टेशनजवळ तिला रोजच्या भाजीवाल्या बसू देत नसत, म्हणून या दोन हात जागेवरच तिचं सगळं होतं. “हितं मला कोण ऊठ म्हनत नाय,” असं ती एकदा मला म्हणाली होती. टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची आणि ती वाडीवर परत जायची.

जूनच्या सुरुवातीला तिनं शेवळं आणली. जांभळट तपकिरी लांब कोंब, दोरीनं जुड्या बांधलेले. जुडीबरोबर आवळ्यासारखी हिरवी, आंबट फळंही ओंजळभर दिली. त्यांना इथे काकडं म्हणतात. “आतला पिवळा दाना काढून टाक, ताई. आन् काकडं कुटून रस घाल, नायतर नरडं खाजल.”

“माहितीये गं मावशी, व्हिडिओत बघितलंय,” मी म्हटलं.

व्हिडिओतल्या बाईंनी चिंच चालते असं सांगितलं होतं. घरी येऊन एक काकड चावून बघितलं, दात आंबले, आणि मी सगळी काकडं कचऱ्याच्या डब्यात टाकली. पिवळा भागही थोडाच काढला. साल, कोंडा, गाभा, काही म्हणून फेकायचं नाही, अन्न अख्खं खायचं, हे त्या महिन्यातलं माझं ताजं ज्ञान. चिंचसुद्धा बेतानंच घातली, भाजीची मूळ चव मारायची नाही म्हणून. अक्कल गहाण ठेवायची तर अशी, पूर्णच.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भिशी होती, भाजी तिच्यासाठीच केलेली. मी आग्रह कर-करून वाढलं. आधी एकीनं खाकरून पाणी मागितलं, मग दुसरीनं. पाच मिनिटांत सगळ्याजणी घसा धरून बसल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींचे तर ओठ सुजले, त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत त्या बऱ्या झाल्या, पण तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, “वहिनी, नक्की काय झालं?”

काकडं कुठे आहेत ते मला पक्कं ठाऊक होतं. ओट्याखालच्या डब्यात, कांद्याच्या सालींमध्ये. तरी माझ्या तोंडून निघालं, “ती गेटवरची बाई जंगलातलं काय काय आणून विकते, कोणाला माहीत.”

एवढंच बोलले. खोटं असं एक अक्षर नाही त्यात, असं मी स्वतःला रात्रभर समजावत होते.

सकाळी दूध आणायला उतरले तर वॉचमन त्या बाईची टोपली उचलत होता आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. सेक्रेटरी बाजूला उभे होते. मला बघून तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं दिसलं. “ताई, तू सांग यांना. काकडं दिली व्हती ना मी? कसं करायचं त्ये बी सांगितलं व्हतं ना?”

मी म्हणाले, “दिली असतील. मला आता आठवत नाही.”

तिनं टोपलीवर फडकं टाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मी दूध घेऊन वर आले. सवयीनं चहा ठेवला, घेतला मात्र नाही.

पंधरा दिवस मी ग्रुपवर काही टाकलं नाही. शेवटी राहवेना तेव्हा सगळं लिहिलं: चूक माझी होती, तिनं सांगितलेलं मी ऐकलं नाही, वर तिच्यावर ढकललं. चार अंगठे आले. आजींनी हात जोडलेले पाठवले. सेक्रेटरी भेटल्यावर म्हणाले, “जाऊ द्या हो वहिनी, होतं असं. आणि तसंही आता तिथे टू-व्हीलरचं पार्किंग केलंय.” भिंतीला ‘फेरीवाल्यांना मनाई’ अशी पाटीही लागली होती. ती काढा म्हणून मी तीन वेळा अर्ज दिला. पाटी अजून आहे.

श्रावणात ती मला पश्चिमेला, मांजर्लीच्या रस्त्यावर दिसली. बसायला जागा नव्हती, टोपली डोक्यावर ठेवूनच दारोदार फिरत होती. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि टोपली अजून निम्मी भरलेली होती. मी धावत जाऊन तिला गाठलं. धाप लागली होती तरी एका दमात सगळं सांगून टाकलं, की मी सगळ्यांना खरं कळवलंय, तुझी काही चूक नव्हती, अर्जही दिलेत.

तिनं ऐकून घेतलं. रागावलेली दिसली नाही, दमलेली मात्र दिसली.

“माजी चूक नव्हती त्ये मला म्हाईत हाय, ताई,” ती म्हणाली. “त्या दिशी तुला बी म्हाईत व्हतं. तवा मी तुज्या तोंडाकडं बघत व्हती.”

मग पदरानं मानेवरचा घाम पुसून ती पुढच्या बिल्डिंगच्या गेटकडे निघाली.