काचेपलीकडची बाई

आमच्या कारखान्यात कामावर जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो. त्या दिवशी मी मशीनवर टी-शर्टचे गळे शिवत होते आणि तेवढ्यात तिकडं आमच्या गावी, डोंगरकड्याला, शोभाआत्या वारली. सुट्टी झाल्यावर फोन हातात घेतला. आईचे एवढे मिस्ड कॉल होते, की लावायच्या आधीच कळलं... हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडमची परवानगी, मग गाड्या बदलत तमिळनाडूतल्या तिरुपूरहून नांदेड, पुढं बस. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा राख सावडून झाली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची, अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडंच. मी आठवीत असताना हळद काढणीच्या दिवसांत ती ट्रॉलीवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. आई-अण्णा रानात जायचे, तिचं करायला घरात कोणीतरी पाहिजे होतं, म्हणून माझी शाळा सुटली. ही गोष्ट मी कधी बोलून दाखवली नाही, पण ती विसरली नव्हती. मला अठरा पूर्ण झाली आणि हिंगोलीला शिलाईचं मोफत शिक्षण सुरू झाल्याचं शेजारच्या वच्छलाकाकूंनी सांगितलं. तेव्हा आत्यानं खाटेवरूनच अण्णांना सुनावलं, "किसन, मी अडकले तेवढं पुरे हाय. लेकरू काहून अडकवून राहिला?" ते शिकून मी तिरुपूरच्या कारखान्यात लागले; आज चार पैसे कमावते ते तिच्या त्या एका वाक्यावर.

तिची खाट पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर. दर रविवारी संध्याकाळी तिथं हिंदीत अवकाशातली एक मालिका लागायची. वाट चुकलेलं यान आणि घर शोधत फिरणारी आतली माणसं. वच्छलाकाकू तिला 'डब्याची शिरेल' म्हणायच्या. "कोंडलेली माणसं नुसती! खिडकी उघडता येत न्हाई, का परसाकडं जाता येत न्हाई," असं म्हणत दर रविवारी पहिल्या त्याच येऊन बसायच्या. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये तीच मालिका त्याच वेळी तमिळमध्ये लागते. मला चित्रं दिसायची, शब्द कळायचे नाहीत. मग मालिका संपली की आत्याचा फोन. कोण काय बोललं ते ती सांगायची आणि माझा अर्धा भाग पुरा व्हायचा. आमचं गेट एरवी बंद असतं, रविवारी दुपारी बाजारापुरतं उघडतं. पण त्या फोनमध्ये मी गेटच्या बाहेर असायचे.

एका रविवारी यानाच्या मागच्या भागात आग लागली. इंजिन दुरुस्त करणारी बाई आत, कप्तान बाहेर, मध्ये काचेचं दार. दार लावलं नाही तर सगळं यान जळणार. कप्तानानं दाराला हात घातला आणि तिकडं डोंगरकड्याची लाईट गेली.

"अगं, काय झालं? लवकर सांग, इथं समद्यांचा जीव टांगलाय," आत्याचा फोन.

"दार तिनंच लावलं आत्या, आतून."

"आन मंग?"

"काचेला हात लावून कायतरी बोलली. मग यान निघालं."

"काय बोलली?"

"तमिळमधी बोलली, मला काय कळणार!"

मग जी भांडणं लागली! वच्छलाकाकू म्हणाल्या, "कप्तानाला शिव्या घातल्या असतील. मी तर घातल्याच असत्या." अण्णा कधी मालिका बघायचे नाहीत, नुसते दारात तंबाखू मळत बसायचे. तेही तापले, "असला कसला कप्तान? आपल्या माणसाला आत ठेवून जातेत काय? फोडायचं की दार!"

"किसन, फोडलं असतं तर समदेच गेले असते," आत्या म्हणाली. "दार तिचं तिनं लावलंय. त्यात कप्तानाला काय इचारायचं?"

"तुला लई कळतं यानातलं."

"मग! किती वर्सं झाली, मी यानातच हाय."

सगळे हसले. मीही मेसच्या ओट्यावर हसले, आणि मग हसू येईना...

पुढं तिच्या पाठीला जखमा झाल्या, ताप उतरेना. अण्णांनी फोन केला, "आता ये बाई. अक्काचं करायला तुझ्याबिगर कोण हाय?" गेले तर परत येणं नाही, हे मला माहीत होतं. कळमनुरीच्या एका स्थळाचंही घरात चाललं होतं. नाही गेले तर तिला कोण उचलणार, कूस कोण बदलणार? शेवटी पिशवी भरली आणि आत्याला सांगितलं, "मी येऊन राहिले."

"कशाला? माझं तोंड बघाया? ते फोनात दिसतंय."

"आईला तकलीफ होती ना गं."

"तुझ्या आईचं अन माझं आमी बघून घेऊ. पिशवी रिकामी कर. मला दाव."

मी व्हिडिओ कॉल लावला. ती कुशीवर पडलेली, म्हणून तिचा चेहरा मला आडवा दिसत होता. मी एकेक कपडा काढून खुंटीला अडकवला.

"उलटी कर. झटक."

मी पिशवी उलटी करून झटकली. खाली एक सेफ्टी पिन पडली.

"हां," ती म्हणाली. "आता सांग, कामावर काय झालं आज?"

ते आमचं शेवटचं नीट बोलणं.

तेराव्यानंतर माझ्या परत जाण्याचा विषय घरात कोणी काढेना. माझी रजा संपत आली होती. कळमनुरीचे पाहुणे सांत्वनाला आले आणि चहा घेताना माझ्याकडंच बघत राहिले. अण्णांनी दोनदा विचारलं, "कारखान्याला कळवलंस का?" काय कळवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. एका सकाळी उठले तर आई दशम्या बांधत होती.

"अवं," ती अण्णांना म्हणाली, "हिला नांदेडला गाडीत बसवून या."

"अन इथं?"

"इथं काय? वन्संचं करायला बोलावत व्हता ना? वन्सं गेल्या."

अण्णा बराच वेळ चपला शोधत राहिले. मग माझी पिशवी त्यांनीच उचलली.

आता रविवारी संध्याकाळी आईचा फोन येतो. इतकी वर्षं ती चुलीपाशी बसून नुसता आवाज ऐकायची, त्यामुळे माणसं तिला ओळखू येत नाहीत. शेवट आधी सांगते, सुरुवात मग आठवते. "बरफावर उतरलेत आज. तो दाढीवाला चांगला का वाईट गं?" परवा ती असंच सांगत होती, तेवढ्यात मागून वच्छलाकाकूंचा आवाज आला, "अगं, खाटेवर काहून बसलीस? शोभाची जागा हाय ती."

"म्हणूनच बसले," आई म्हणाली, आणि मला पुढचं सांगायला लागली.